कथासार नको, आत्मकथाही नको : मग नेमलेल्या कथेवर ‘वैयक्तिक प्रतिसाद’ लिहायचा कसा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून रोज एसटीने तालुक्याच्या महाविद्यालयात जाता, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी तुम्हाला आठ कथा नेमून दिल्या आहेत. प्रत्येक कथेवर दीड-दोन पानांचा वैयक्तिक प्रतिसाद वहीत लिहायचा आहे. पहिल्या कथेवर लिहिले तेव्हा सरांचा शेरा आला, ‘हे कथानक झाले, तुम्ही कुठे आहात?’ म्हणून दुसऱ्या कथेच्या वेळी तुम्ही स्वतःविषयी लिहिले, तर शेरा आला, ‘कथा कुठे गेली?’ आता पुढे प्रेमचंदांची ‘पूस की रात’ ही कथा मराठी अनुवादातून आहे आणि अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ आहे. तुमचे वडील रात्री जागलीला, म्हणजे शेताच्या राखणीला जातात, ते लिहिले तर चालेल का. आणि दुसरी कथा तुम्हाला किळसवाणी वाटली, तसे खरे लिहिले तर गुण जातील का, असे तुम्ही विचारता.

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी चोवीस वर्षे मराठी शिकवते आहे आणि तुम्ही ज्या वह्या लिहिता तशा वह्यांचे गठ्ठे दरवर्षी घरी आणून तपासते. त्यामुळे तुमच्या सरांच्या दोन्ही शेऱ्यांमागचे मन मला ओळखीचे वाटते. ते शेरे परस्परविरोधी आहेत असे तुम्हाला वाटले, तर त्यात नवल नाही. पण दोन्ही शेरे एकाच उणिवेकडे बोट दाखवतात, असे माझे मत आहे. पहिल्या वेळी पानावर कथा होती, वाचणारा नव्हता. दुसऱ्या वेळी वाचणारा होता, पण तो काय वाचून असा बोलू लागला आहे हे दिसत नव्हते. दोन्ही वेळा, कथेतल्या कोणत्या शब्दाने तुमच्यात काय हलवले, ही जोडणारी वाट पानावर उमटली नाही. तुमच्यासारखे पुष्कळ विद्यार्थी अशा वेळी तडजोड म्हणून एक पान कथासार लिहितात आणि शेवटी अर्धे पान ‘मला काय वाटले’ असे लिहून मोकळे होतात. त्याने प्रश्न सुटत नाही. एकाच वहीत दोन वेगळी लेखने शेजारी बसतात, इतकेच होते.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझा सल्ला तुम्हाला अर्धाच उपयोगी पडेल. ‘वैयक्तिक प्रतिसाद’ या शब्दांचा अर्थ सगळे प्राध्यापक एकच घेत नाहीत. काहींना त्यात कथानक, पात्रे, वातावरण, भाषा यांचा विचार हवा असतो आणि ‘वैयक्तिक’ म्हणजे त्यावरचे तुमचे मत, एवढीच त्यांची अपेक्षा असते. काहींना ती वाचनाची रोजनिशी वाटते आणि विस्कळीत असली तरी चालते. तुमच्या सरांच्या शेऱ्यांवरून ते या दोन्हींच्या मधले काही मागत आहेत असे दिसते, पण अंदाजावर राहू नका. सरळ जाऊन विचारा, आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारा : या वह्या फक्त सर वाचणार आहेत की वर्गात वाचून दाखवल्या जाणार आहेत? हा दुसरा प्रश्न मी का सुचवते आहे, ते पुढे सांगेन.

आता लिहिण्याकडे येते. मी माझ्या विद्यार्थ्यांना कथा दोनदा वाचायला सांगते. पहिले वाचन हातात पेन न घेता, शक्य तर एका बैठकीत करावे. ते एसटीत झाले तरी हरकत नाही. दुसरे वाचन मात्र घरी, हातात पेन्सिल घेऊन करावे. या दुसऱ्या वाचनात महत्त्वाची वाक्ये शोधू नयेत, कारण महत्त्वाचे काय हे ठरवायला निघाले की मन आपोआप गाईडसारखा विचार करू लागते. जिथे आपण थांबलो, अडखळलो, मागे जाऊन पुन्हा वाचले, राग आला, काही कळले नाही किंवा वाचता वाचता मन दुसरीकडे गेले, तेवढ्याच जागी समासात एक बारीक रेघ मारावी. पाच-सहा रेघा पुरतात. मग वही बाजूला ठेवून त्यांतली एकच जागा निवडावी आणि तिच्याविषयी घरात बोलतो त्या बोलीत चार ओळी लिहाव्यात. रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी त्या चार ओळींपासून प्रतिसाद सुरू करावा. लेखकाच्या जन्मगावापासून किंवा कथेच्या पहिल्या प्रसंगापासून तो सुरू करू नये.

हे सगळे ‘पूस की रात’वर करून पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. प्रेमचंदांच्या (१८८०–१९३६) या कथेतला हल्कू कांबळीसाठी पैपै करून तीन रुपये जमवतो आणि कथेच्या सुरुवातीलाच ते घेणेकरी सहनाला देऊन टाकतो. पौषातल्या रात्री तो जुनी चादर पांघरून शेताची राखण करतो. सोबतीला जबरा नावाचा कुत्रा आहे. थंडी असह्य होते तेव्हा तो जवळच्या आमराईतली पाने गोळा करून शेकोटी पेटवतो. नंतर नीलगायींचा कळप शेतात शिरतो, जबरा भुंकत राहतो, आणि सकाळी बायको मुन्नी येते तेव्हा पीक गेलेले असते. आता मजुरी करून सारा भरावा लागेल, याची तिला चिंता आहे. हल्कू मात्र प्रसन्न दिसतो, कारण रात्रीच्या थंडीत आता इथे झोपावे लागणार नाही.

नीलगाय म्हणजे आपल्याकडचा रोही. तुमच्या वडिलांना ज्याच्यासाठी रात्र काढावी लागते तोच प्राणी या कथेत आहे, आणि म्हणून ही कथा तुम्हाला शहरातल्या वाचकापेक्षा वेगळी भेटणार हे उघड आहे. तुरीत किंवा हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे शिरली की एका रात्रीत काय उरते, ओल्या पानांचा धूर डोळ्यांना कसा लागतो, आणि पंपाला लागणारी थ्री फेज वीज रात्रीची असली की जागल आणि पाणी देणे ही दोन्ही कामे एकाच थंडीत कशी उरकावी लागतात, हे तुम्ही पाहिले आहे. हे सगळे लिहिले तर चालेल का, असे तुम्ही विचारता. चालेलच, नुसते चालेल असे नाही, ते टाळून लिहिलेला तुमचा प्रतिसाद अपुराच राहील. अट एकच आहे : तुमची जागल लिहून झाली की तिने तुम्हाला कथेकडे परत आणले पाहिजे आणि पूर्वी न दिसलेले काहीतरी तिथे दाखवले पाहिजे.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात एक वाक्य आहे : ‘हल्कू आळशी होता, तो उठलाच नाही, माझे वडील लगेच उठतात.’ या वाक्यात तुमचा खरा प्रतिसाद दडलेला आहे, पण त्यात एक चूकही आहे. पुन्हा वाचा. हल्कू उठतो. नीलगायी चरत असल्याचा आवाज त्याला येतो. जबरा असताना कोणतेही जनावर शेतात येऊ शकत नाही अशी तो आधी स्वतःची समजूत घालतो. मग निश्चय करून उठतो, दोन-तीन पावले चालतो, आणि गार वाऱ्याचा बोचरा झोत लागताच विझत चाललेल्या शेकोटीजवळ परत येऊन बसतो. ती दोन-तीन पावले तुमच्या वाचनातून गळून गेली. ती का गळली, याचा विचार करा. मला वाटते, तुमच्या मनात वडिलांचे धावत जाणे इतके पक्के बसले होते की जो धावला नाही तो तुमच्या लेखी उठलाच नाही. त्याच मसुद्यात तुम्ही हल्कूला मचाणावर बसवले आहे. कथेत तो उसाच्या पानांच्या छपरीखाली बांबूच्या खाटल्यावर आहे. मचाण तुमच्या शेतातले आहे.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येक वाचक असेच करतो. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या समीक्षाग्रंथात इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी हेच दाखवले होते. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय मागवून तपासले. चांगले शिकलेले वाचकही कविता बाजूला सोडून स्वतःच्या आठवणीत शिरतात, किंवा आधीपासून तयार असलेली ठरावीक भावनाच कवितेवर लादतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतके आधी काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांतले एक ‘निजसुखादिविवशीभाव’ हे आहे, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने पुरते व्यापून जाणे. तुमच्या दुसऱ्या वहीवरचा ‘कथा कुठे गेली?’ हा शेरा याच विघ्नाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या बाजूने, १९३८ साली लुईझ रोझेनब्लाट या अमेरिकन अध्यापिकेने असा विचार मांडला की वाचकाच्या अनुभवाशिवाय साहित्यकृती पुरी होतच नाही. छापील शब्द आणि विशिष्ट वाचक यांच्या देवघेवीतून ती घडते. ‘तुम्ही कुठे आहात?’ या शेऱ्याच्या मागे ही समजूत आहे. मला या दोन्ही विचारांत भांडण दिसत नाही. अनुभव घेऊनच कथेत जायचे आणि कथेच्या शब्दांवर तो अनुभव पारखायचा, इतकेच दोघांचे मिळून सांगणे आहे, असे मी वर्गात सांगते. तुमच्या प्रतिसादात ही नावे घालण्याचे काही कारण नाही.

मग तुमचा परिच्छेद कसा होऊ शकेल? मी एक नमुना लिहून दाखवते. तो उतरवून काढू नका. त्यातली हालचाल पाहा.

‘हल्कू दोन-तीन पावले चालून परत फिरला, या वाक्यावर मी थांबलो. आमच्या शेतात रोही शिरले की वडील मचाणावरून उतरतात आणि ओरडत शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जातात. ते अर्ध्यातून परत आलेले मी पाहिले नाही, म्हणून पहिल्या वाचनात मला हल्कूचा राग आला आणि तो उठलाच नाही असे मी समजून बसलो. दुसऱ्यांदा वाचताना मला तीन रुपये आठवले. वडील धावतात तेव्हा तुरीचे चार पैसे घरात येतील ही आशा त्यांच्याजवळ असते. हल्कूने कांबळीचे पैसे आधीच घेणेकऱ्याला दिले आहेत, आणि शेत वाचले असते तरी पुढचे पैसेही तिकडेच गेले असते. त्याला थंडीने परत फिरवले हे कथेतच आहे. पण चौथे पाऊल टाकण्यासाठी लागणारे कारण त्याच्याजवळ आधीच उरले नव्हते, असे मला वाटते.’

या परिच्छेदात वडील आहेत, पण ते पाहुण्यासारखे येऊन परत जात नाहीत. त्यांच्यामुळे हल्कूच्या तीन रुपयांकडे लक्ष गेले. शहरात वाढलेला विद्यार्थी कदाचित थंडीवरच थांबला असता. तुम्हाला धावणारा शेतकरी माहीत आहे म्हणून न धावलेल्या शेतकऱ्याचे कारण शोधावेसे वाटले. आणखी एक गोष्ट पाहा : साम्यापेक्षा फरक अधिक उपयोगी पडला. ‘हल्कूसारखेच माझे वडीलही राखण करतात’ असे लिहून प्रतिसाद तिथेच मिटला असता, कारण साम्य सांगून झाले की पुढे विचारायला काही राहत नाही. वडील आणि हल्कू जिथे वेगळे वागतात तिथे प्रश्न उभा राहतो. माझ्या अनुभवात चांगले प्रतिसाद बहुधा अशाच फरकातून निघालेले आहेत, आणि म्हणून ‘मला हे पात्र माझ्यासारखे वाटले’ असे वाक्य दिसले की त्याच्या समासात मी ‘कुठे वेगळे वाटले?’ असे लिहिते.

पण या परिच्छेदावर थांबू नका, कारण त्यातल्या मताला कथाच अडवते. हल्कूला गमावण्यासारखे काही उरले नव्हते, असे तुम्ही म्हणाल, तर मुन्नीचे काय? पीक गेले तरी सारा चुकणार नाही आणि तो आता मजुरीतून भरावा लागेल, हे तिला दिसते आहे. म्हणजे पीक जाण्याने नुकसान झाले आहे आणि घरातल्या एका माणसाला ते पुरते कळले आहे. मग हल्कूची प्रसन्नता खरी मानायची, की थकलेल्या माणसाने सकाळच्या उन्हात काढलेली एक पळवाट मानायची? मुळात शेती सोडून द्यावी असे कथेच्या सुरुवातीला मुन्नीच त्याला म्हणत होती, हेही विसरू नका. या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर माझ्याकडे नाही आणि तुमच्या सरांनाही ते नको असेल. पण आपल्या मताच्या आड येणारे वाक्य विद्यार्थ्याने स्वतः शोधून वहीत मांडले, की तपासणाऱ्याला कळते की याने कथा खरोखर वाचली आहे. वैयक्तिक प्रतिसादात ‘माझे मत आहे, म्हणून ते बरोबर आहे’ ही सवलत नसते. मत तुमचेच असावे, पण त्याला कथेतल्या शब्दांची साक्ष लागते.

इथपर्यंतचे थोडक्यात असे : थांबलेली जागा निवडा, तिथे तुमच्या माहितीतले जग आणि कथेतले जग कुठे वेगळे होते ते पाहा, त्या फरकाचे कारण कथेच्या शब्दांत शोधा, आणि जे वाक्य तुमच्या मताला पटत नाही तेही पुढे आणा.

आता वह्या कोण वाचणार हा प्रश्न. तो मी माझ्या एका चुकीमुळे विचारायला सांगितला. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावरच्या कथेवर अतिशय नितळ प्रतिसाद लिहिला होता. तिच्या घरी तसेच घडले होते. लेखन इतके चांगले होते की मी ते नाव न सांगता वर्गात वाचून दाखवले. मला तिचा गौरव करायचा होता. पण आपली गावे लहान आहेत. कोणाच्या शेतात कोणती विहीर आहे आणि कोणाच्या घरून कोण गेले, हे सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्या वाक्यालाच वर्गाला कळले की हे कोणाचे घर आहे. ती मुलगी खाली मान घालून बसून राहिली, आणि त्यानंतर वर्षभर तिने मला दिलेल्या प्रत्येक वहीत फक्त कथासार होते. मी तिची क्षमा मागितली. तिने ‘काही नाही मॅडम’ म्हटले, पण पुन्हा तसे लिहिले नाही. त्या दिवसापासून मी कोणताही प्रतिसाद विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय वाचून दाखवत नाही, आणि वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगते की वैयक्तिक म्हणजे घरातले सगळे उघडे करणे असा अर्थ नाही.

विदर्भात हे विशेष सांभाळावे लागते. आपल्या वर्गांत अशी मुले बसलेली असतात की शेती, कर्ज, मरण या विषयांवरची कथा त्यांच्यासाठी केवळ अभ्यासक्रमाचा भाग नसते. एखादी कथा वाचवतच नसेल, तर ‘ही कथा मी पुढे वाचू शकलो नाही, अमुक वाक्याशी मी थांबलो’ एवढे लिहून दुसरी कथा मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, असे मी मानते. तुमच्या सरांना ते मान्य असेल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण मागून पाहावे. आणि लिहायचेच ठरले, तर घरातला तपशील प्रतिसादाला जितका हवा तितकाच द्यावा. वरच्या नमुन्यात वडील धुऱ्यापर्यंत धावत जातात एवढेच आहे. त्यांच्यावर किती कर्ज आहे ते नाही, कारण परिच्छेदाला त्याची गरज नव्हती.

तुमचा दुसरा प्रश्न ‘स्मशानातील सोनं’विषयीचा. कथा किळसवाणी वाटली, असे लिहिल्याने गुण जाऊ नयेत. माझ्या हातून तरी जात नाहीत. पण ‘किळसवाणी वाटली, म्हणून आवडली नाही’ इथे वाक्य संपवले तर गुण मिळणारही नाहीत, कारण अजून काही सांगूनच झालेले नाही. किळस नेमकी कोणत्या ओळीला आली? खाणीतले काम गेलेला भीमा स्मशानातल्या राखेत सोने शोधतो तेव्हा, पुरलेले प्रेत उकरण्यासाठी कोल्ह्यांशी झुंजतो तेव्हा, की प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात तेव्हा? आणि ती कोणाची आली : भीमाची, त्याच्या भुकेची, की हे सगळे इतक्या जवळून दाखवणाऱ्या लेखकाची? तिन्हींची उत्तरे वेगळी निघतील आणि त्यांतले प्रत्येक दोन पानांना पुरेल.

माझ्या एका विद्यार्थ्याने याच कथेवर लिहिले होते की त्याला जबड्याच्या प्रसंगापेक्षा शेवटाची जास्त भीती वाटली. भीमाची दोन बोटे जातात आणि त्यानंतर त्याला कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. ज्या हाताने दगड फोडायचे तो हात काम परत येताना अधू झालेला आहे. त्या विद्यार्थ्याचा भाऊ पुण्याला एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता आणि काम बंद, चालू, पुन्हा बंद हे त्याने घरात पाहिले होते. त्याने भावाविषयी दोनच वाक्ये लिहिली, पण त्या दोन वाक्यांनी कथेतली वेळ, म्हणजे काम जाणे आणि येणे यांतले अंतर, माझ्याही लक्षात प्रथमच नीट आणून दिले. इतकी वर्षे ही कथा वाचत असूनही मी तोपर्यंत जबड्याच्या प्रसंगावरच बोलत आले होते.

लेखकाचे चरित्र घालावे का, असेही पुष्कळ जण विचारतात. कथेच्या एखाद्या शब्दावर त्याने प्रकाश पडत असेल तरच घालावे. अण्णाभाऊ (१९२०–१९६९) सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे आणि लहानपणी कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईला आलेले. त्यांचा भीमाही वारणेकाठचे गाव सोडून पोटासाठी मुंबईला आलेला. हे जोडून तुम्हाला काही म्हणायचे असेल तर ते वाक्य योग्य जागी येईल. नसेल, तर जन्मसाल लिहून अर्धे पान भरण्यात कोणाचाही लाभ नाही.

भाषेविषयी थोडे, कारण तुमच्या मसुद्यात मला दोन भाषा दिसल्या. एका ओळीत तुम्ही ‘लेखकाने समाजातील दाहक वास्तव अत्यंत हृदयस्पर्शी शब्दांत रेखाटले आहे’ असे लिहिले आहे. हे वाक्य कोणत्याही कथेखाली बसते, म्हणून ते कोणत्याच कथेचे नाही. गाईडमधून, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्समधून किंवा मोबाईलला विचारून मिळालेल्या उत्तरातून अशी वाक्ये येतात, आणि तपासणाऱ्याला ती पहिल्याच ओळीत ओळखू येतात. त्याच पानाच्या तळाशी पेन्सिलीने तुम्ही स्वतःसाठी लिहिले आहे : ‘तो वापस काहून आला हे मले समजते, पन सांगता येत नाही.’ पूर्ण मसुद्यातले मला सर्वांत आवडलेले वाक्य हे आहे. त्यात प्रश्न आहे, प्रामाणिकपणा आहे आणि पुढे जायला वाट आहे.

म्हणून माझे सांगणे असे की विचार वऱ्हाडीत करा, पहिली टिपणे वऱ्हाडीत लिहा, आणि मग मांडणी प्रमाण मराठीत आणा. जागल, धुरा, रोही, मचाण यांसारखे शब्द तसेच राहू द्या; त्यांच्या जागी पुस्तकी शब्द बसवले की तुमचे शेत पानावरून निघून जाते. पूर्ण प्रतिसाद बोलीत लिहिलेला चालेल की नाही, हे तपासणाऱ्यावर अवलंबून आहे. मी तो स्वीकारते, सगळे स्वीकारत नाहीत. पण आपल्या बोलीला विचार पेलत नाही अशी शंका मनात असेल, तर ती काढून टाका. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केले ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, आणि जिवंत बोलण्याची लय हेच त्याचे बळ आहे.

राहिला लांबीचा प्रश्न. दीड पान तुम्हाला कमी वाटते, कारण निम्मे कथासारात जाते. वाचणाऱ्याला कथा माहीत आहे असे धरून चाला आणि ज्या प्रसंगावर बोलायचे त्याची आठवण एका वाक्यात करून द्या. तेवढ्याने जागा मोकळी होईल. आठही कथांवर सारखेच चांगले लिहिता येईल असे समजू नका. एखादी कथा तुम्हाला काहीच म्हणणार नाही, तेव्हा तिने का काही म्हटले नाही ते एका पानात स्वच्छ लिहावे आणि पुढे जावे.

‘पूस की रात’वरचा प्रतिसाद पुन्हा लिहायला बसण्याआधी मात्र एक काम करा. या आठवड्यात वडील जागलीला जातील तेव्हा एक रात्र त्यांच्याबरोबर जा आणि त्यांना हल्कूची गोष्ट सांगा. दोन-तीन पावले चालून परत यावेसे त्यांना कधी वाटले होते का, ते विचारा. ते परत फिरलेले तुम्ही पाहिले नाही, एवढेच तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक रात्री तुम्ही तिथे नव्हता. ते सांगतील ते ऐका, आणि त्यातले किती वहीत लिहायचे हेही त्यांनाच विचारून ठरवा.